कोरलचा तुकडा धरल्याशिवाय विकू नका, धरल्याशिवाय घेऊ नका

संपादक साहेब,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरातल्या समुद्री टँकवर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर, पानभर लेख छापलात. फोटो छान होते, आणि मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून मी ते पान कापून ठेवलंय. पण त्यातली दोन वाक्यं काही केल्या डोक्यातून जाईनात. एक म्हणजे कोरल, म्हणजे पोवळी, ही समुद्रातली झाडं आहेत, आणि दुसरं म्हणजे सॉफ्ट कोरलचा, म्हणजे मऊ अंगाच्या कोरलचा, तुकडा कापायचा, गम लावून दगडावर चिकटवायचा, की झालं. पहिली चूक बरेच जण करतात. दुसरीमुळे मात्र तुकडे हकनाक मरतात आणि मेलेल्याच्या जागी समुद्रातून दुसरा उचलून आणला जातो, म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, जमलं तर पूर्ण छापा.

मी कोथरूडला राहते, ब्लाउज आणि घागरे शिवते, वीस वर्षं झाली. टँक मुलाचा, दोनशे लिटरचा, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना म्हणाला आई विकून टाक, मी नाही विकला. शिलाई मशीनच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे दिवसातले आठ-नऊ तास मान वर केली की टँकच दिसतो, आणि इतकं बघितल्यावर कळायला लागतं की आज कोण फुललंय आणि कोणाचं काहीतरी बिनसलंय.

आधी झाडाचं बोलते. कोरल हा प्राणी आहे, एक नाही, शेकडो बारीक प्राणी एका अंगात, त्या प्रत्येकाला पॉलिप म्हणतात, प्रत्येकाला तोंड आणि तोंडाभोवती हात. खऱ्या सॉफ्ट कोरलच्या पॉलिपला हात मोजून आठ, आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी पिसासारखे बारीक फाटे. दगडी कोरल, म्हणजे ज्यांचे समुद्रात रीफ (कोरलचे खडक) बनतात, त्यांचं गणित सहाच्या पटीत असतं. माझ्या एका गिऱ्हाईक वहिनींच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं आहे, त्या एकदा माप द्यायला आल्या आणि टँकपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं पण पोवळं तर दगड असतो ना?" तेव्हा मी त्यांना सांगितलं की वहिनी, तुमच्या अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या एका कोरलचा सांगाडा आहे, आणि ते कोरलसुद्धा आठ हातांचंच, म्हणजे रीफवाल्या दगडी कोरलपेक्षा माझ्या टँकमधल्या या लेदर नावाच्या मऊ कोरलला जास्त जवळचं. त्या बराच वेळ अंगठी काचेला लावून दोन्हीकडे बघत होत्या.

आणि झाडासारखं वाटतं तेही अगदीच खोटं नाही. या प्राण्यांच्या अंगात डोळ्याला न दिसणारं शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं, म्हणून आपण टँकवर एवढे दिवे लावतो. पण जखम झाली की हा प्राण्यासारखा वागतो, अंग आवळून घेतो, चिकट स्राव सोडतो. गम लावणाऱ्याने हा स्राव लक्षात घेतलेला नसतो, तिथेच सगळं बिनसतं.

बाजारात जो झटपट चिकटणारा गम मिळतो, पातळ किंवा जेलवाला, तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्यातसुद्धा चालतो, त्यात काही खोटं नाही. दगडाला दगड जोडायचा असेल, शिंपलीला प्लग (तुकडा बसवायची छोटी बैठक) जोडायचा असेल तर जेल उत्तम. दगडी कोरलला खाली सांगाडा असतो त्यामुळे तिथेही धरतो. पण सॉफ्ट कोरलला खाली सांगाडाच नाही, नुसतं मांस आणि त्यावर बुळबुळीत थर, गम धरतो तो त्या थराला, आणि कापलेला प्राणी एक-दोन दिवसात तो थर टाकून देतो. थराबरोबर गम जातो, गमाबरोबर दगड जातो, आणि तुकडा सुटतो.

हे मला फुकट नाही कळलं. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी टोडस्टूल लेदरचा तुकडा आणला, अठराशे रुपये दिले, छोट्या छत्रीसारखा, खाली पांढऱ्या प्लगवर गमाचा गोळा. दुकानदार म्हणाला घेऊन जा ताई, एकदम सेट आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लग जागेवर आणि छत्री गायब. रात्री टॉर्च घेऊन शोधली तर वेवमेकरच्या, म्हणजे टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाच्या, जाळीला चिकटलेली, अर्धी फाटलेली, सकाळपर्यंत लगदा झाला आणि पाण्याला असा वास आला की मला चाळीस लिटर पाणी बदलावं लागलं. नंतर त्याच दुकानात विचारलं तेव्हा कळलं की तुकडा मी नेला त्याच्या आदल्याच दिवशी कापला होता. दुकानदार वाईट माणूस नाही, त्याला कोणी वेगळं शिकवलंच नव्हतं.

मला शिकवलं एरंडवण्याच्या एका काकांनी, पंचाहत्तरीचे आहेत, त्यांच्याकडे मी फोडणीच्या पोह्यांचा डबा घेऊन गेले होते आणि आतून रडकुंडीला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या हातात सुई आहे, तुम्हाला गम कशाला हवा?" त्या दिवसापासून मी कोरल शिवते.

कसं ते नीट सांगते, कारण लेखात नेमकं हेच नव्हतं.

लेदर कापायच्या आधी टँकमधलंच पाणी एका पसरट भांड्यात काढून घ्यायचं, काम सगळं त्यात, टँकमध्ये नाही. हातात ग्लोव्हज. नवं ब्लेड किंवा लख्ख धार असलेली कात्री, आणि एकाच फटक्यात कापायचं, करवतीसारखं पुढे-मागे केलंत तर कडा चिरडते आणि तिथून सडायला सुरुवात होते. छत्रीची कड घ्या, दोन बोटं रुंद पट्टी, भाकरीचा चतकोर मोडतो तसा तुकडा. कात्री आत जाते तेव्हा करकर आवाज होतो, ओल्या कणकेत जाडा रवा पडावा तसं हाताला लागतं, कारण सांगाडा नसला तरी यांच्या अंगात चुन्याच्या बारीक बारीक कण्या असतात आणि ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी कात्री खाली ठेवली होती, आता सवय झालीय. मूळ छत्रीची काळजी करू नका, दांडा शाबूत असेल तर महिना-दोन महिन्यात वर नवीन टोपी येते. अख्खी छत्री दांड्यापासून उडवली तरी ठुंठ परत फुटतं, मी दोनदा बघितलंय.

आता तुकडा बसवायचा कशावर. दुकानात सिरॅमिकचे प्लग मिळतात ते चांगलेच, पण मी तिसऱ्यांची, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांची, टरफलं वापरते. आमच्याकडे तिसऱ्या होतात, जेवण झालं की शिंपलं उकळायची, ब्रशने घासायची, आठवडाभर कडक उन्हात वाळवायची, मांसाचा कण राहता कामा नये. शिंपलं म्हणजे चुनाच, कोरलला ओळखीचा पृष्ठभाग, खडबडीत बाहेरची बाजू वर ठेवायची. श्रावण लागायच्या आधी मी डबाभर साठवून ठेवते.

मग टाका. दोरा सुती घ्यायचा, पॉलिएस्टरचा नाही, कारण सुती दोरा खाऱ्या पाण्यात काही आठवड्यात कुजून आपोआप सुटतो, पॉलिएस्टरचा अंगात रुतून बसतो आणि मग काढताना परत जखम. बारीक सुई तुकड्याच्या जाड भागातून आरपार घालायची, कडेजवळून नाही, कडेला घातलेला दोरा फाडून बाहेर येतो. दोन्ही टोकं शिंपलीच्या खालून घेऊन गाठ. आणि ही गाठ ब्लाउजला हूक लावताना आवळतो तशी नाही आवळायची, ट्रायलच्या आधी कच्चा टाका घालतो ना तेवढीच. तुकडा हलता कामा नये पण दोऱ्याखाली खाचही पडता कामा नये. कापलेली बाजू शिंपलीला टेकलेली पाहिजे, कारण तिथूनच तो धरतो. ज्यांना सुई जमत नाही त्यांनी टूथपिक घ्यावी, दांड्यातून आडवी आरपार घालायची, दोन्ही बाजूंनी जे टोक बाहेर येतं त्याच्यावरून रबरबँड घेऊन दगडाला बांधायचा, म्हणजे रबर मांसावर येत नाही. रबरही काही दिवसात सैल पडून तुटतं, तोपर्यंत काम झालेलं असतं.

बांधलेला तुकडा कमी प्रवाहात, मधल्या प्रकाशात ठेवायचा आणि पुढचं अवघड आहे, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी तो वाळलेल्या बोरासारखा दिसतो, दोन-तीन दिवसात कापलेली कड आत वळते, मग कधी वरून मेणचट पापुद्रा सुटतो, लोक घाबरतात की मेला, मेलेला नसतो, कात टाकतो. अगदी निरोगी मोठं लेदरसुद्धा अधूनमधून आठवडाभर मिटून बसतं आणि पापुद्रा टाकून परत फुलतं. दोन-तीन आठवड्यांनी पिपेटने कडेवर हलकं पाणी मारून बघायचं, कड उचलली गेली नाही तर धरला. जास्वंदीची फांदी कुंडीत खोचल्यावर आपण म्हणतो ना, धरली, तोच शब्द इथेही, आणि काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं की ताई, चिकटवलेला तुकडा आणि धरलेला तुकडा यात फरक आहे, एक आपण लावलेला असतो, दुसरा त्याने स्वतः पकडलेला असतो.

मश्रूम म्हणजे छोट्या चकतीसारखं कोरल, त्याचं वेगळं, तिथे सुईही नको. ते इतकं निसरडं आणि मऊ असतं की दोरा सरळ कापून निघतो. तोंडाच्या मधून उभं कापून दोन किंवा चार भाग करायचे, एका वाटीत शिंपल्यांचा आणि दगडांचा चुरा घालायचा, त्यावर तुकडे, आणि वर नेटचं कापड ताणून बांधायचं. नेट मी विकत घेत नाही, नवरीच्या ओढण्यांच्या कातरणी माझ्याकडे पोतंभर असतात, तुळशीबागेत वीस-तीस रुपयात मिळेल, फक्त रंग जाणारं नको, पांढरं घेऊन दोन दिवस साध्या पाण्यात भिजवून ठेवा. आठ ते पंधरा दिवसात तुकडे आपल्याला हवी ती खडी पकडतात, मग ती खडी जेलने प्लगला चिकटवायची. म्हणजे गम वापरायचाच आहे, पण खडीला, प्राण्याला नाही. दगडावर मश्रूमचा पायाचा पुंजका राहून गेला तरी त्यातून नवीन येतं, पानफुटीच्या पानासारखं, कडेला ठेवलं की फुटलं.

ग्रीन स्टार नावाच्या कोरलला जांभळी चिवट सतरंजी असते, गम त्या सतरंजीला धरतो, म्हणून ती कात्रीने कापून जेलने बसते, फक्त ते मुख्य दगडापासून लांब ठेवा नाहीतर वर्षभरात सगळा दगड हिरवा. झेनिया नावाचं सॉफ्ट कोरल कापायच्या भानगडीत पडूच नका, शेजारी मोकळे दगड ठेवा, ते स्वतःहून चढतं, मग मधला दुवा कापा.

आता झोआ, म्हणजे ती रंगीत बटणं, जी सगळ्यात जास्त विकली जातात आणि ज्यांच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळही सावधगिरीची नव्हती. झोआ आणि विशेषतः त्यांच्यातलाच पॅलिथोआ हा प्रकार यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हाताला चीर असेल, डोळ्यात थेंब उडाला, तर दवाखाना गाठायची वेळ येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोआ असलेला दगड साफ करायला म्हणून उकळत्या पाण्यात घालू नका, गरम पाणी ओतू नका, त्याच्या वाफेने घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. मी वर शिंपलं उकळायचं लिहिलंय ते स्वयंपाकघरातल्या रिकाम्या शिंपल्यांचं, टँकमधल्या दगडाचं नाही, कृपा करून गल्लत करू नका. झोआ कापायचेच तर ग्लोव्हज, चष्मा, पाण्याबाहेर ब्लेड चालवायचं नाही, आणि पॉलिप न कापता दोन पॉलिपच्या मधून. घरात लहान मूल रांगतंय अशा घरी मी झोआ देत नाही, कितीही ओळखीचं असो.

विषाचं निघालंय म्हणून अजून एक. लेदरसुद्धा पाण्यात रसायनं सोडतं, शेजाऱ्याला वाढू न देण्यासाठीची ती त्याची रीत आहे, आणि कापल्यावर जास्तच सोडतं. म्हणून कापायच्या दिवशी टँकच्या फिल्टरमध्ये ताजा कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) घालायचा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू, भांड्यातलं पाणी परत टँकमध्ये ओतायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदलायचं. एका दिवशी एकच कोरल. मी एकदा उत्साहात तीन कापले होते आणि बाकीचा सगळा टँक चार दिवस मिटून बसला होता.

पुण्यात हे करताना इथल्या काही गोष्टी आड येतात. बऱ्याचदा गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, आणि नंतर येणारं पाणी कधी गढूळ, कधी क्लोरीनचा वास येणारं, म्हणून तुकडे कापायचं काम गुरुवार-शुक्रवारी मी ठेवतच नाही, आरओचं पाणी दोन दिवस आधी भरून ठेवते, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य दाखवल्याशिवाय त्यात मीठ घालत नाही. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, १.०२५, यात अंदाजपंचे नको. पाणी उडून कमी झालं की वरून नुसतं आरओचं घालायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं, हे नवीन माणसाला दहा वेळा सांगावं लागतं.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर खोलीत ३५ असतं, टँक ३० च्या पुढे जायला बघतो, आणि सॉफ्ट कोरलला २४ ते २७ च्या आत बरं वाटतं. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, परवडला नाही, मी पाण्यावर वारा येईल असे दोन छोटे पंखे लावलेत, इथली हवा कोरडी म्हणून पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन डिग्री सहज उतरतात. मे महिन्यात रोज तीन-चार लिटर पाणी वरून घालावं लागतं ते वेगळं. एकदा लग्नसराईत माझं लक्ष नव्हतं, पंखा बंद पडलेला, टँक ३१ ला गेला आणि दोन दिवसात लाल मश्रूम फिकट गुलाबी होऊन मग जवळजवळ पांढरं झालं. उष्णता वाढली की अंगातलं ते शेवाळ कोरलच्या बाहेर जातं, उरतं ते उपाशी पांढरं अंग. माझं मश्रूम दीड महिन्याने सावरलं, कारण मी पंखा लावू शकले.

समुद्रात पंखा कोण लावणार. १९९८ साली असंच झालं होतं, लक्षद्वीपची रीफ पांढरी पडली, मग २०१० ला, २०१६ ला, आणि २०२४ ला तर जगभरात. आपल्या महाराष्ट्रात मालवणला कोरल आहे, १९८७ सालापासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तारकर्लीला जाऊन आलेले पुणेकर मोबाइलमध्ये फोटो दाखवतात मला. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालचं पठार, त्यावर कोरल. एवढा ताण ज्यांच्यावर आधीच आहे त्यांच्यातलं काही तोडून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणायचं मला पटत नाही. दगडी कोरल आणि समुद्रपंखे तर २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, तरी लोक मला फोन करून विचारतात की ताई हार्ड (दगडी कोरल) मिळेल का, चांगले पैसे देऊ. मी नाही म्हणते आणि कारणही सांगते.

लेदर, मश्रूम, ग्रीन स्टार यांच्या बाबतीत मात्र समुद्राकडे हात पसरायची गरजच नाही, कारण हे कापलं की वाढतं. माझ्या एका छत्रीचे तीन वर्षांत एकवीस तुकडे गेलेत, सिंहगड रोड, औंध, पिंपरी, एक तर साताऱ्याला, थर्मोकोलच्या डब्यात एसटीने, आणि मूळ छत्री अजून माझ्याकडे ताटाएवढी आहे. त्या एकवीसमधल्या सातजणांनी पुढे स्वतः कापून दिलेत. सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये कोणी जंगलातून गुलाब उपटून आणत नाही, कलमं करतात. आपल्या शहरात जेवढं सॉफ्ट कोरल आज टँकमध्ये आहे तेवढ्यावर पुढची कित्येक वर्षं निघतील, फक्त कापणारे हात आणि थांबायची तयारी हवी.

थांबायची तयारी हाच खरा मुद्दा आहे. दुकानदाराला आज कापून आज विकलं तर पैसे आज मिळतात, तीन आठवडे थांबायचं म्हणजे दिव्याचं बिल, जागा, मेलेल्यांचा तोटा. मला ते समजतं, मी पण धंदाच करते, पण अस्तर श्रिंक न करता ब्लाउज शिवून दिला आणि पहिल्या धुण्यात आखडला तर गिऱ्हाईक परत येत नाही. मी दुकानदारांना एवढंच म्हणते की प्लगवर पेन्सिलीने कापल्याची तारीख लिहा आणि तीन आठवडे झाल्याशिवाय देऊ नका, हवं तर शंभर-दोनशे जास्त घ्या, मी देईन, आणि बाकीचेही देतील. आणि घेणाऱ्यांनी विकत घ्यायच्या आधी तुकडा उचलून प्लगची खालची बाजू आणि कड बघावी. गमाचा पांढरा गोळा आणि वर बसवल्यासारखा तुकडा दिसला तर तो धरलेला नाही. कोरलचं अंग प्लगवर पसरलेलं दिसलं, मेण वितळून बसावं तसं, तर तो धरलेला.

अजून एक विनंती, टँक बंद करायचा असेल तर कोकणात फिरायला जाताना समुद्रात सोडून येऊ नका, पुण्य लागत नाही त्याने. झेनियाच्या नात्यातलं एक सॉफ्ट कोरल, मूळचं आपल्याकडच्या बाजूच्या समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोचलं आणि तिथली रीफ त्याने झाकून टाकली, टँकच्या व्यापारातून गेलं असं मानतात. कोणाला तरी द्या, मला फोन करणारे रोज दोन असतात.

तुमच्या लेखकाला माझा नमस्कार सांगा, त्यांनी विषय काढला हे खूप झालं. पुढच्या रविवारी छोट्या अक्षरात का होईना, कोरल प्राणी आहे आणि लेदर-मश्रूमसारखं सॉफ्ट कोरल नुसत्या गमाने बसत नाही, एवढी दुरुस्ती छापाल तर बरं होईल. त्यांना यायचं असेल तर या शनिवारी मी परत लेदर कापणार आहे, सकाळी अकराला, गिऱ्हाइकं यायच्या आत. मागच्या महिन्यात शिवलेल्या सहा शिंपल्यांपैकी चार धरलेत, पाचव्याचा दोरा कालच कुजून सुटला आणि तुकडा जागेवर राहिला, सहाव्याचं अजून काही सांगता येत नाही, मिटूनच आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे